पद्मराक्षसाचा पत्ता

सिंगापूरला जाऊन आलेल्या कुटुंबाच्या छायाचित्रांत एक छायाचित्र हमखास असते. नदीकाठी हातांची घडी घालून उभा असलेला एक पांढरा पुतळा आणि त्याच्या पायाशी आपली मंडळी. हा गृहस्थ कोण, असे मुलांनी विचारले तर यानेच सिंगापूर वसवले, एवढे सांगून आपण पुढच्या ठिकाणाकडे वळतो. सर स्टॅमफर्ड रॅफल्स हे नाव त्या शहरात हॉटेलला आहे, शाळेला आहे, रुग्णालयालाही आहे.

याच माणसाचे नाव आणखी एका गोष्टीला आहे आणि ती पाहायला मात्र सहलीची बस जात नाही. सुमात्रा बेटाच्या दाट रानात, पालापाचोळ्यात, पितळी परातीहूनही मोठे, विटकरी तांबड्या रंगाचे आणि पांढुरक्या ठिपक्यांचे एक फूल उमलते. त्याला खोड नाही, पान नाही, स्वतःचे मूळही नाही. त्याचा वासही सुवास नव्हे, कुजलेल्या मांसाचा वास. जगातले हे सर्वांत मोठे फूल. शास्त्रज्ञ त्याला ‘रॅफ्लेसिया अर्नोल्डी’ म्हणतात. इंडोनेशियाने १९९३ साली आपली तीन राष्ट्रीय फुले जाहीर केली, त्यांत दुर्मीळ फुलाचा मान याला दिला. तिकडचे त्याचे नाव आहे ‘पद्म राकसासा’. हे नाव कानी पडले की मराठी माणूस चमकतो. पद्म आपले आणि राक्षसही आपलाच!

या पद्मराक्षसाचा पत्ता पहिल्यांदा कसा लागला, नंतर तो आणखी कुठे कुठे सापडत गेला आणि त्या शोधाच्या वाटेवर कोणी काय गमावले, याची ही कहाणी. ती रॅफल्सची आहे. पण एकट्या रॅफल्सची नाही.

जहाजावर जन्मलेला मुलगा

रॅफल्सचा जन्म कोणत्याही गावात झाला नाही. ६ जुलै १७८१ रोजी जमैका बेटाजवळच्या समुद्रात, ‘अॅन’ नावाच्या जहाजावर तो जन्मला. वडील त्या जहाजाचे कप्तान. पण घरची स्थिती पुढे खालावत गेली आणि चौदाव्या वर्षी, १७९५ साली, शाळा सोडून त्याला लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत कारकुनी धरावी लागली. दिवसभर नकला उतरवायच्या आणि रात्री घरी मेणबत्तीच्या उजेडात फ्रेंच आणि विज्ञानाची पुस्तके वाचायची, असा त्याचा क्रम होता. मेणबत्तीचा तेवढा खर्चही घराला जड जाई आणि आई त्यावरून कुरकुर करी. आपल्याकडे कंदिलाच्या उजेडात शिकलेल्या पिढीला हे चित्र अनोळखी वाटू नये.

१८०५ साली कंपनीने त्याला मलाया किनाऱ्यावरच्या पेनांगला पाठवले. जाण्यापूर्वी त्याने ऑलिव्हिया नावाच्या विधवेशी लग्न केले होते. वाटेतल्या प्रवासात त्याने मलाय भाषा शिकायला घेतली. ही गोष्ट वरवर लहान दिसते, पण पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली तीच ठरली. बाकीचे साहेब दुभाष्यामार्फत बोलत. रॅफल्स बाजारातल्या माणसाशी, नावाड्याशी, लेखनिकाशी थेट बोलू शके. भाषा येत असली की माणसे सांगतात, आणि माणसे सांगतात म्हणून नवी ठिकाणे कळतात.

१८१० साली तो कलकत्त्याला येऊन गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो यांना भेटला आणि जावा बेट जिंकण्याची योजना त्यांच्या गळी उतरवली. १८११ च्या ऑगस्टमध्ये हिंदुस्थानातून गेलेल्या फौजेने, ज्यात हिंदी शिपाईही मोठ्या संख्येने होते, जावा घेतले. वयाच्या तिसाव्या वर्षी रॅफल्स त्या बेटाचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला.

या राजवटीचे गोडवेच गायला हवेत असे नाही. १८१२ साली त्याच्या हुकमतीत इंग्रजी फौजेने योग्यकर्त्याच्या सुलतानाचा राजवाडा लुटला. तिथली हस्तलिखिते आणि संपत्ती बाहेर गेली. जावाचे लोक ही गोष्ट विसरलेले नाहीत. मात्र त्याच कारकिर्दीत, १८१४ साली, दौऱ्यावर असताना एका खेड्याजवळच्या रानात मोठे जुने बांधकाम दडले असल्याचे त्याच्या कानी आले. त्याने कॉर्नेलियस या डच अभियंत्याला तिकडे पाठवले. दोनशे माणसांनी सुमारे दोन महिने झाडझाडोरा तोडला, माती उपसली आणि बोरोबुदुरचा प्रचंड बौद्ध स्तूप पुन्हा जगापुढे आला. शोधाचे श्रेय रॅफल्सला मिळाले. पण त्या जागेचा पत्ता आसपासच्या गावकऱ्यांना कधीच अनोळखी नव्हता. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा. चार वर्षांनी तो पुन्हा हाती येणार आहे.

१८१४ च्याच नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हिया वारली. आज बोगोर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी तिचे स्मारक आहे. १८१६ साली रॅफल्स परत गेला, जावाचा मोठा इतिहास लिहून त्याने १८१७ मध्ये प्रसिद्ध केला, ‘सर’ झाला आणि सोफिया हल हिच्याशी त्याने दुसरे लग्न केले. तोवर जावा डचांना परत दिले गेले होते. कंपनीने त्याची नेमणूक केली ती सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेंकूलेनला. हेच आजचे बेंग्कुलू. मिरीच्या व्यापारासाठी धरून ठेवलेले, भूकंपाने मोडकळीला आलेले, कंपनीला वर्षानुवर्षे तोट्यात घालणारे ते ठाणे होते. १८१८ च्या मार्चमध्ये रॅफल्स आणि सोफिया तिथे उतरले. वाटेत जहाजावरच त्यांची पहिली मुलगी शार्लट जन्मली होती. बाप जसा समुद्रावर जन्मला, तशीच लेकही.

पुलाउ लेबारचे रान

त्यांच्याबरोबर जोसेफ अर्नोल्ड नावाचा पस्तिशीतला डॉक्टर होता. आरमारात शल्यवैद्य म्हणून काम केलेला, वनस्पती आणि प्राणी गोळा करण्याचा नाद असलेला. लंडनमधील ज्येष्ठ निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांनी त्याची शिफारस केली होती.

मे महिन्यात रॅफल्स आतल्या प्रदेशाच्या दौऱ्यावर निघाला. सोफियाही बरोबर होती. त्या काळी इंग्रज अधिकाऱ्याची पत्नी अशा रानात पायी निघणे ही नवलाची गोष्ट होती. मान्ना या ठाण्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर, मान्ना नदीकाठी, पुलाउ लेबार नावाच्या जागी मंडळी थांबली. वाघांचा आणि हत्तींचा वावर असलेला, माणसांची वस्ती विरळ असलेला तो मुलूख.

अर्नोल्ड सोबत्यांपासून थोडा पुढे गेला होता. तेवढ्यात एक मलाय नोकर धावत आला. त्याच्या डोळ्यांत आश्चर्य मावत नव्हते. फार मोठे, फार सुंदर, फार अद्भुत असे एक फूल पाहायला चला, असा त्याचा आग्रह होता. अर्नोल्ड त्याच्यामागून शंभर-एक पावले रानात शिरला. झुडपांखाली, जमिनीला टेकून ते फूल उभे होते.

अर्नोल्डच्या मनात आलेली पहिली गोष्ट शास्त्रज्ञाला शोभेल अशी, पण आज वाचताना मनाला लागणारी आहे. फूल कापून मुक्कामाच्या झोपडीत न्यायचे, असे त्याने ठरवले. त्याने नोकराच्या हातातला कोयता घेतला आणि दोन बोटांएवढ्या जाडीच्या एका आडव्या मुळीपासून फूल तोडून वेगळे केले. तेव्हा त्याला वाटले ते असे की ही मुळी त्या फुलाचीच आहे. फुलाच्या मधल्या पेल्यावर माश्यांचा थवा घोंघावत होता आणि त्या तिथे अंडी घालत असाव्यात असे त्याला दिसले. वास शिळ्या मांसासारखा होता.

झोपडीत मापे घेतली गेली. फुलाचा व्यास पुरा एक यार्ड, म्हणजे तीन फूट. मधल्या पेल्यात बारा पाइंट, म्हणजे सुमारे सहा लिटर पाणी मावेल असा अंदाज. वजन अंदाजे पंधरा पौंड, म्हणजे पावणेसात किलोच्या आसपास. आपण एकटे असतो तर ही मापे कुणाला सांगायचे धाडसच झाले नसते, अशी अर्नोल्डची प्रामाणिक भावना होती. पण रॅफल्स, सोफिया आणि मान्नाचा अधिकारी प्रेसग्रेव्ह हे तिघेही साक्षीला होते.

साक्षीदारांची नावे इतिहासात लागली. ज्याने फूल दाखवले, ज्याच्या कोयत्याने ते तोडले गेले, त्या मलाय नोकराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

फुलाचे सगळे भाग टिकवता आले नाहीत. काही भाग आणि कळ्या मद्यार्कात घालून ठेवण्यात आल्या. अर्नोल्डने रंगीत चित्र काढायला घेतले. पण रानातल्या वाटचालीत त्याला ताप भरला आणि जुलै महिन्यात पाडांग या बंदरात तो वारला. फूल पाहिल्याला तीन महिनेही झाले नव्हते. त्याचे पत्र अर्धवट राहिले, चित्रही अर्धवट राहिले. ते चित्र रॅफल्स आणि सोफिया यांनी मिळून पुरे केले आणि ऑगस्टमध्ये सगळे बँक्सकडे लंडनला रवाना केले.

लंडनमध्ये ते सामान रॉबर्ट ब्राउन या त्या काळच्या श्रेष्ठ वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती पडले. ३० जून १८२० रोजी लिनीअन सोसायटीच्या सभेत त्याने या फुलावरचा निबंध वाचला. बँक्स मात्र अकरा दिवस आधीच निवर्तले होते. ब्राउनने वनस्पतीच्या कुळीला रॅफल्सचे आणि जातीला अर्नोल्डचे नाव दिले. अर्नोल्ड जगता तर त्यानेही रॅफल्सचेच नाव सुचवले असते, अशी त्याची खात्री होती. फ्रान्झ बाउअर या चित्रकाराने काढलेली या फुलाची चित्रे आजही वनस्पतिचित्रकलेतला उत्तम नमुना मानली जातात.

पान नाही, मूळ नाही

आपल्याकडे परोपजीवी वनस्पती नवीन नाहीत. कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरलेली अमरवेल सर्वांनी पाहिली आहे. आंब्यावरचे बांडगूळ बागाईतदाराच्या डोक्याला ताप असते, आणि ज्वारीच्या शेतातला टारफुला कोरडवाहू शेतकऱ्याला चांगलाच ठाऊक आहे. पण बांडगुळाला निदान स्वतःची हिरवी पाने असतात; पाणी दुसऱ्याचे घेतले तरी थोडेफार अन्न ते स्वतः शिजवते. पद्मराक्षसाने ही लाजही सोडून दिली आहे!

द्राक्षाच्या कुळातल्या ‘टेट्रास्टिग्मा’ नावाच्या एका रानवेलीच्या आत तो राहतो. लाकडातून बारीक धागे सरकावेत तसे त्याचे शरीर वेलीच्या अंतर्भागात पसरलेले असते. पाणी वेलीचे, अन्नही वेलीचे. बाहेरून वेलीकडे पाहून आत पाहुणा आहे की नाही हे सांगता येत नाही. मग एके दिवशी वेलीच्या सालीवर एक गाठ दिसते. ती हळूहळू फुगत कोबीच्या गड्ड्याएवढी होते. याला कित्येक महिने लागतात, आणि अनेक कळ्या उमलण्यापूर्वीच काळ्या पडून कुजतात. जी उमलते ती पाच ते सात दिवस टिकते आणि मग तिचा काळा चिखल होतो.

त्यात आणखी एक अडचण. नर फूल वेगळे आणि मादी फूल वेगळे. कुजक्या वासाला भुलून आलेल्या माश्या एकाचे पराग दुसऱ्याकडे नेतात. पण त्यासाठी त्या चार-सहा दिवसांत, माशीच्या टप्प्यात, दोन्ही प्रकारची फुले एकाच वेळी उघडी असायला हवीत. असा योग क्वचितच जुळतो. म्हणून या वनस्पतीचा पत्ता सापडणे याचा अर्थ योग्य रानात, योग्य वेलीपाशी, वर्षातल्या नेमक्या त्या पाच-सात दिवसांत तिथे असणे. परगावचा माणूस हे कसे साधणार? ते साधते रानात रोज जाणाऱ्यालाच.

हे फूल कोणाचे नातेवाईक, हा प्रश्नही जवळजवळ दोनशे वर्षे लोंबकळत होता. पान नाही, मूळ नाही, मग नाते जुळवायचे कशावरून? २००७ साली जनुकांच्या अभ्यासातून उत्तर मिळाले, आणि ते ऐकून कोणालाही हसू यावे. जगातले हे सर्वांत मोठे फूल निघाले आपल्या परसातल्या एरंडाच्या गोतावळ्यातले. एरंडाची फुले ती केवढीशी!

दुसरा पत्ता

आता त्या धाग्याकडे परत येऊ. पुलाउ लेबारचे फूल सापडले तेव्हा ते एकुलते एक वाटले होते. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर समाधान मानून बसला असता. रॅफल्सने तसे केले नाही. त्याने निरनिराळ्या भागांत माणसे पाठवून चौकशी सुरू केली, गावोगावच्या लोकांना विचारले. उत्तरे येऊ लागली तसा तो चकित झाला. त्याला वाटले होते त्याहून हे फूल लोकांना कितीतरी जास्त ठाऊक होते, आणि कितीतरी दूरवर पसरलेलेही होते. ठिकठिकाणी त्याला वेगवेगळी नावे होती. कुठे क्रुबुत, कुठे नुसतेच अंबुन-अंबुन. एका नावाचा अर्थ होता सैतानाचा पानाचा डबा! विड्याचे तबक घरोघर असलेल्या त्या मुलखात त्या पेल्यासारख्या फुलाला याहून नेमके नाव कोणते सुचणार?

लोकांच्या सांगण्यातूनच आणखी एक मोठे कोडे सुटले. अर्नोल्डने जी फुलाची मुळी समजली होती ती फुलाची नव्हतीच. मोठ्या झाडांना दोरखंडासारख्या लटकणाऱ्या वेलींच्या आडव्या मुळ्यांवर हे फूल येते, हे आता रॅफल्सला कळले आणि त्याने ते लंडनला कळवले. कळी दिसू लागल्यापासून फूल उमलेपर्यंत तीन महिने लागतात आणि पावसाळा सरता सरता वर्षातून एकदाच फूल येते, अशीही माहिती त्याने मिळवली. नंतरच्या अभ्यासकांना कळीचा काळ यापेक्षा बराच लांब आढळला, पण चौकशीची दिशा बरोबर होती.

अर्नोल्डच्या जागी विल्यम जॅक नावाचा तरुण स्कॉटिश डॉक्टर आला होता. त्यालाही वनस्पतींचे वेड. रॅफल्सने दियार आणि द्यूव्होसेल हे दोन फ्रेंच निसर्ग-अभ्यासक नेमले होते, पण त्यांच्याशी बिनसले आणि १८२० साली त्यांना रजा देऊन त्यांचा संग्रह ठेवून घेण्यात आला. फ्रेंच लोक हे फूल आपल्याआधी छापतील की काय, ही धास्ती जॅकला होती. गंमत अशी की एका फ्रेंचाने ती बाजी वीस वर्षांपूर्वीच जवळजवळ मारली होती. देशाँ नावाच्या निसर्गशास्त्रज्ञाला १७९७ साली जावाच्या दक्षिणेकडील एका बेटावर याच कुळीतले फूल मिळाले होते. पण परतीच्या वाटेवर त्याचे कागद इंग्रजांच्या हाती पडले आणि लंडनमध्ये दीर्घकाळ धूळ खात राहिले. एकाची नजर गेली, दुसऱ्याचे नाव लागले. शोधाच्या इतिहासात असे अनेकदा घडते.

रिते झालेले घर

याच काळात, १८१९ च्या आरंभी, रॅफल्सने सिंगापूर वसवले. जगाच्या नकाशावर त्याचे नाव कोरले गेले ते यामुळे. पण त्याचा संसार होता बेंकूलेनला. तिथले घर मुलांनी, पाळलेल्या प्राण्यांनी आणि वनस्पतींच्या नमुन्यांनी भरलेले असे. स्वतःची ती वर्षे सर्वांत सुखाची मानावीत असे त्या दोघांनाही वाटत होते.

ते सुख फार टिकले नाही. १८२१ च्या मध्यावर मोठा मुलगा लिओपोल्ड गेला. १८२२ च्या जानेवारीत, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, धाकटा मुलगा आणि शार्लट ही दोघेही गेली. सहा-सात महिन्यांत तीन मुले. उरलेल्या एलाला तरी वाचवावे म्हणून तिला इंग्लंडला पाठवून देण्यात आले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात विल्यम जॅक वारला, वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. १८२३ मध्ये आणखी एक मुलगी झाली, तिचे नाव फ्लोरा, म्हणजे फुलांची देवता. तीही त्याच वर्षी गेली.

आता परत जायचे ठरले. २ फेब्रुवारी १८२४ रोजी ‘फेम’ नावाच्या जहाजाने रॅफल्स आणि सोफिया बेंकूलेनहून निघाले. जहाजात त्याच्या आयुष्याची सगळी मिळकत होती. निसर्गाची सुमारे दोन हजार चित्रे, मलाय हस्तलिखिते, नकाशे, सुमात्रावरच्या नियोजित ग्रंथाची टिपणे, जिवंत प्राणी आणि वनस्पती. त्याच रात्री, दारूच्या पिंपाजवळ उघडा दिवा नेल्यामुळे जहाजाला आग लागली. माणसे होड्यांतून वाचली. बाकी सगळे जळाले. दुसऱ्या दिवशी ती मंडळी अंगावरच्या कपड्यांनिशी पुन्हा बेंकूलेनच्या किनाऱ्याला लागली. त्यानंतर लगेच रॅफल्सने कागद घेऊन सुमात्राचा नकाशा आठवून पुन्हा काढायला सुरुवात केली, याला काय म्हणावे?

पद्मराक्षसाच्या कळ्या आणि चित्र मात्र त्यापूर्वीच लंडनला पोचले होते, म्हणून ते तेवढे वाचले.

इंग्लंडला पोचल्यावर त्याने लंडनची प्राणिशास्त्रीय संस्था उभी करण्यात पुढाकार घेतला. १८२६ साली ती स्थापन झाली आणि तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. लंडनचे प्रसिद्ध प्राणिसंग्रहालय तिचेच. पण त्याच वर्षी कंपनीने जुने हिशेब काढून बावीस हजार पौंडांहून अधिक रक्कम त्याच्याकडे मागितली. ५ जुलै १८२६ रोजी, पंचेचाळिसावा वाढदिवस एका दिवसावर असताना, मेंदूच्या विकाराने तो अचानक वारला. हेंडन येथील चर्चमध्ये त्याला पुरले, पण जागेवर खूण राहिली नाही. ज्याने दुर्मीळ फुलाचे पत्ते शोधले त्याच्या कबरीचा पत्ता पुढे जवळजवळ अठ्ठ्याऐंशी वर्षे कोणाला लागत नव्हता. तो १९१४ साली सापडला.

सोफियाने कंपनीचे देणे तडजोडीने मिटवले, १८३० साली पतीचे चरित्र प्रसिद्ध केले. १८४० साली एलाही गेली. सोफिया १८५८ पर्यंत एकटीच जगली.

आजचे पत्ते

रॅफल्सच्या पश्चात त्याच्या नावाच्या कुळीत एकेक जात आणि एकेक ठिकाण भरत गेले. बोर्निओ, मलाया, थायलंड, फिलिपिन्स. फिलिपिन्समध्ये १८८२ साली मिंडानाओ बेटावर मिळालेली एक मोठी जात नंतर शंभरहून अधिक वर्षे कोणाला दिसली नव्हती, तीही पुन्हा सापडली. २००२ सालापासून तर तिथून एकामागून एक नव्या जाती नोंदल्या गेल्या. २०२० च्या आरंभी पश्चिम सुमात्रात १११ सेंटिमीटर व्यासाच्या फुलाची नोंद झाली. अर्नोल्डच्या यार्डापेक्षा ते वीतभर मोठे.

आपला देशही या गोत्यात अगदीच परका नाही. विल्यम ग्रिफिथ या वनस्पतिशास्त्रज्ञाला १८३६ साली आजच्या अरुणाचल प्रदेशातील मिश्मी टेकड्यांत ‘साप्रिया’ नावाचे याचे धाकटे भावंड मिळाले. तेही रानवेलीच्या मुळांवरच येते. व्यास वीतभर, रंग लाल, वर पिवळसर ठिपके. ईशान्येकडील इतर रानांतही त्याची ठिकाणे पुढे सापडली आहेत.

पण ठिकाणे सापडताहेत तशी बुजतही आहेत. कॉफी, पामतेल आणि इमारती लाकूड यांसाठी रान तुटले की वेल जाते आणि वेलीबरोबर आतला पाहुणाही जातो, कोणाला न कळता. जावात बाळंतिणीच्या औषधासाठी कळ्या खुडल्या जात आल्या आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार या कुळीतल्या ४२ ज्ञात जातींपैकी २५ अत्यंत संकटात आणि १५ संकटात आहेत, आणि निम्म्याहून अधिक जातींची ठिकाणे कोणत्याही संरक्षणाखाली नाहीत. बी पेरून हे फूल बागेत वाढवता येत नाही. ते असलेल्या वेलीचे कलम दुसऱ्या वेलीवर बांधायचे आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची, एवढाच उपाय. बोगोरच्या वनस्पतिउद्यानात अशा खटपटीला २०१० साली यश आले आणि जावाकडच्या जातीचे एक फूल उमलले. ऑलिव्हियाचे स्मारक आहे ते याच उद्यानात.

बेंग्कुलूच्या घाटरस्त्यावर फूल उमलले की आसपासचे गावकरी हाताने रंगवलेली पाटी लावतात. कोणाच्या कॉफीच्या मळ्याकडेला, कोणाच्या परड्यामागच्या ओहोळात कळी आली आहे, हे त्यांना महिनोन्महिने आधी ठाऊक असते. पाहायला येणाऱ्याकडून ते थोडे पैसे घेतात आणि कळ्यांना बांबूचे कुंपण घालतात. काही ठिकाणी गर्दीच्या पायांखाली वेलीच्या मुळ्या चेंगरतातही. तरीसुद्धा, फूल उभे राहिले तर उद्या चार पैसे मिळतील हे ज्या मळेवाल्याला समजले, तो वेल तोडण्यापूर्वी दोनदा विचार करतो. अभ्यासकही आता या गावकऱ्यांना विचारूनच रानात शिरतात, आणि पूर्वी वाटाड्या म्हणून विसरली जाणारी माणसे निदान काही ठिकाणी फुलांची राखणदार झाली आहेत.

तेव्हा सिंगापूरच्या नदीकाठी मुलांनी पुन्हा विचारले की हा कोण, तर वसवणारा साहेब एवढ्यावर थांबू नये. याला लोकांची भाषा येत होती आणि तो विचारत असे, हेही सांगावे. आणि जमल्यास त्यांना त्या दुसऱ्याचीही गोष्ट सांगावी, जो कोयता हातात घेऊन, डोळे विस्फारून रानातून धावत आला होता. त्याचा पुतळा नाही. पण फूल आधी त्याने पाहिले होते.